दारावरची तीन सूर्यफुलं

दारापर्यंत यायचं, पायपुसण्याला बूट घासायचे, आणि बेल न वाजवता माघारी फिरायचं... याला काय म्हणायचं? माझ्या घरची बेल काही बिघडलेली नव्हती. थोरल्या लेकाने नवीकोरी बसवून दिली होती, चिमणीसारखी ओरडणारी. शेजारच्या पोरी दिवसातून दहादा ती वाजवून पळतात. आणि हा बासष्ट वर्षांचा बाप्या, कुदळ मारून मारून तळहाताचं कातडं झालेला — त्याच्या एका बोटात तेवढं बळ नव्हतं!

मी चार इयत्ता शिकलेली बाई. पण तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं, नवरा गेल्यावर तीन लेकरं एकटीने मोठी केली, आणि ज्याच्या दारात गेले त्याची बेल वाजवूनच गेले. तेव्हा पोरींनो, ही गोष्ट वाचून कुणी मला ‘बिचारी’ म्हणायचं नाही. आधीच सांगून ठेवते.

तर झालं असं. पानगळ नुकती लागली होती. रस्त्याभर पिवळ्या पानांचा खच, आणि वारा असा खोडकर की एका बाजूने झाडून घ्यावं तर दुसऱ्या बाजूने पुन्हा आणून टाकायचा. मी बाजारातून येत होते. उतारावर नर्सरीसमोर पिशवीचा तळ फाटला आणि बटाटे सुटले ते थेट कुंड्यांच्या रांगेत. मी गुडघ्याला हात लावून वाकेपर्यंत एक माणूस आधीच वाकला होता. एकेक बटाटा उचलून, माती झटकून, रिकाम्या कुंडीत नीट मांडत होता.

“बटाटे लावायचा हंगाम नाही हा, बाई.”

“लावायला नाही, खायला घेतलेत. द्या इकडे.”

“कशात देऊ?”

मी फाटकी पिशवी दाखवली. त्यातून मला तो आरपार दिसत होता.

“कुंडीसकट न्या,” तो म्हणाला. “उद्या परत आणा.”

“आणि नाही आणली तर?”

तेव्हा त्याने वर पाहिलं. डोळे हसरे होते... गरजेपेक्षा जास्तच. “तर मी घ्यायला येईन.”

दुसऱ्या दिवशी मी कुंडी नेऊन दिली नाही. मुद्दाम नाही हं — गुडघा दुखत होता. तिसऱ्या दिवशीही दुखत होता. चौथ्या दिवशी बेल वाजली. तेव्हा बरी वाजवता आली त्याला!

मी मागच्या अंगणात फुलांचे कंद लावत होते. थंडी पडायच्या आधी ते जमिनीत गेले पाहिजेत, म्हणजे थंडी सरल्यावर फुलतात. तो कुंडी घ्यायला आलेला, कुंडी राहिली बाजूला, माझ्या डोक्यावर येऊन उभा.

“उलटा लावलात.”

“काय?”

“कंद. टोक वर पाहिजे. तुम्ही त्याला डोक्यावर उभा केलाय.”

“वीस वर्षं असेच लावते मी.”

“आणि उगवतात?”

“उगवतात. उशिरा उगवतात, वाकडे उगवतात, पण उगवतात.”

“मालकिणीवर गेलेत,” तो म्हणाला.

पाव तास भांडलो आम्ही. हातात खुरपं होतं म्हणून जपून भांडले. जाताना फाटकाशी थांबून तो म्हणतो कसा, “मालकीणबाई, बायको गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं. सगळे गोड बोलतात. कंटाळा आला होता.”

आणि कुंडी इथेच विसरून गेला. ती न्यायला पुढच्या गुरुवारी आला — त्या दिवशी त्याची नर्सरी बंद असते — आणि पुन्हा विसरला. वर्षभर विसरत होता.

गुरुवार म्हणजे काय, तर गुलाबांची छाटणी, पाण्यावरून भांडण, पायरीवर चहा, खतावरून भांडण. मी त्याला “ओ नर्सरीवाले” म्हणायची. एकदा म्हणाला, “तुमच्या वयाच्या बाया आपल्या माणसाला काय हाक मारतात, ठाऊक आहे ना?”

“आपल्या माणसाला मारतात. नर्सरीवाल्याला नाही.”

“मी वाट पाहीन.”

“पाहा. बसायला पायरी आहे.”

असं बोलून मी आत गेले आणि चहात दोनदा साखर घातली. त्याने मुकाट्याने प्यायला.

आणखी एक सांगते, मग पुढे जाते. माझ्या मनगटावर इस्त्रीचा चटका आहे, जुना, होडीच्या आकाराचा. एकदा कप देताना बाही वर गेली. “दुखतो?” त्याने विचारलं.

“तीस वर्षांपूर्वी दुखला होता. तेव्हा कुणी विचारलं नाही.”

मातीने भरलेलं बोट त्याने डागाच्या शेजारी टेकवलं. डागावर नाही... शेजारी. जणू काही नाजूक रोप होतं तिथे. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. साठाव्या वर्षी! मी हात मागे घेतला आणि म्हणाले, “बाही मळली माझी.” ती बाही मी आठवडाभर धुतली नाही.

पुन्हा पानगळ आली. आमच्या घरी या दिवसांत एक रविवार ठरलेला असतो. दोन्ही मुलगे, सुना, लेक-जावई, नातवंडं, सगळी गोळा होतात. पुरुष पानं ओढतात आणि मागच्या खड्ड्यात खतासाठी भरतात, पोरं त्या ढिगात उड्या मारून ती पुन्हा पसरवतात, मी कंद लावते. धाकट्या सुनेच्या हातात कला आहे. ती वाळक्या फांद्या, पानं, बोंडं गोळा करून दाराची सजावट करते. संध्याकाळपर्यंत आमचं दार सगळ्या गल्लीत उठून दिसतं.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी तो आला तो हातात कापडाचं गाठोडं घेऊन. उघडलं, तर आत तीन वाळलेली सूर्यफुलं. ताटाएवढी, बियांनी गच्च.

“ही पिवळी नाहीत,” तो म्हणाला. “काळपट लाल फुलतात. बारा वर्षं निवडून निवडून बी केलंय. आजवर कुणाला दिलं नाही... विकलं तर नाहीच.”

“मग मला कशाला?”

“तुमच्या मागच्या कुंपणाशी लावा, थंडी गेली की. आणि लावलीत तर...” त्याने टोपी काढली. डोक्यावरचे केस टोपीच्या आकारात बसलेले. “तर पाणी घालायला मी रोज येईन. गुरुवारीच नाही. रोज. म्हणजे... जायचं-यायचं कशाला, म्हणेन मी.”

एवढी सरळ गोष्ट इतक्या वळणांनी सांगणारा माणूस मी पाहिला नाही. पण कळलं मला. कानांच्या पाळ्या तापल्या.

“उत्तर रविवारी द्या,” तो म्हणाला. “मुलंबाळं असतील. त्यांच्यासमोर आत बोलावलंत तर मी समजेन.”

“आणि नाही बोलावलं तर?”

“तुम्ही बोलवाल,” तो म्हणाला. पण टोपी उलटी घातली त्याने.

मी ती फुलं अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगली, कापड बांधून, पाखरांनी खाऊ नयेत म्हणून. तीन रात्री उत्तराची तालीम केली. ‘या. ही माझी माणसं. आणि हे...’ तिथेच गाडी अडत होती. हे कोण?

रविवारी ऊन छान पडलं होतं. मी कंद लावून हात धुवून आत आले तो रंगाचा वास. धाकटीने जमिनीवर कागद पसरला होता, पुढची खिडकी सताड उघडली होती, आणि कागदावर माझी तीन सूर्यफुलं — सोनेरी! चकचकीत! डबा हलवून हलवून ती त्यांच्यावर रंगाचा फवारा मारत होती.

“आई, काय सुंदर सापडलीत! अवजारांच्या खोलीत होती. कुणी दिली?”

मी बोलणार होते. देवाशपथ बोलणार होते. पण थोरला मागच्या दारात पानांची पाटी घेऊन उभा होता. “कुणी म्हणजे? तो नर्सरीवाला,” तो म्हणाला. “दर गुरुवारी येऊन बसतो म्हणे. गल्लीतले लोक मला विचारतात. काय गं आई, त्याचं काय काम असतं एवढं आपल्याकडे?”

जावई बुटाकडे बघायला लागला. लेक माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. चांगलं हसू होतं, आता कळतं. तेव्हा वाटलं, ही हसते मला. ज्या पोरांना मी एका नजरेने गप्प बसवत आले, ती आज माझा हिशेब मागतायत!

“कोण लागतो तो माझा?” मी कडाडले. “रोपं विकणारा माणूस! गिऱ्हाईक धरून ठेवायला येतो. त्याची फुलं म्हणजे कचरा. टाकूनच देणार होते मी.”

“कचरा कापडात बांधून ठेवतात का, आई?” धाकटी भाबडेपणाने म्हणाली.

“माझं घर, माझा कचरा. मी रेशमात बांधीन!”

सगळे हसले. चला, सुटले, असं वाटलं मला. धाकटीने ती तीन फुलं वाळक्या वेलीच्या गोल कड्यात बसवली आणि दाराला टांगायला गेली. तिच्यामागून नात बाहेर पळाली आणि लगेच परत आली. “आजी, पायरीवर कुणीतरी पुडकं ठेवलंय!”

वर्तमानपत्रात बांधलेले कंद होते. सुतळीची गाठ दुहेरी, शेवट आत दडपलेला. ती गाठ मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. प्रत्येक कंदाच्या टोकाला त्याने खडूने खूण केली होती, मी उलटा लावू नये म्हणून. पायपुसण्यावर ओली माती होती. फाटक उघडंच होतं.

धावत गेले असते तर उतारावर गाठला असता. पण थोरला बघत होता. मी पुडकं नातीच्या हातात दिलं आणि म्हणाले, “ठेव आत. नर्सरीतून आलंय.”

मनात ठरवून टाकलं, दारावर सोनेरी रंग लावलेली फुलं बघून रुसला. रंगावरून कुणी रुसतं? येईल गुरुवारी.

नाही आला. पुढच्याही नाही. मी गेले नाही. मी का जावं? आला तो होता, परत फिरला तो होता! असं म्हणत म्हणत थंडी काढली. सजावट उतरवली तेव्हा एकटी बसून बियांवरचा रंग नखाने खरवडला. धाकटी शेजारी येऊन बसली. तिला कुणीतरी सांगितलं असावं, नाहीतर माझं तोंड वाचलं असेल. तीही खरवडायला लागली. खरवडता खरवडता म्हणाली, “आई, खरं सांगितलं असतंत तर मी हात लावला असता का हो?”

आयुष्यात पहिल्यांदा सुनेला उत्तर दिलं नाही.

चाळीस बिया कुंपणाशी लावल्या. एक उगवली. फूल आलं ते काळपट लाल, मधोमध जवळजवळ काळं. कंदही उगवले — सगळे सरळ, वेळेवर. मला ते परक्यासारखे वाटले.

आता पुन्हा पानं पडायला लागली. परवा ते एक सूर्यफूल त्याच्याच कापडात बांधलं आणि उतारावरून खाली गेले. गुडघा दुखत होता, तरी गेले.

तो कुंड्या भरत होता. मला बघून उभा राहिला. बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे गेलं. इस्त्रीचा होता. तो माझ्याकडे येत होता त्या वर्षभरात त्याच्या अंगावर मी इस्त्रीचा कपडा पाहिला नव्हता. आणि कॉलरवर आतून-बाहेरून, दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवलेली. चांगला हात होता. खोटं कशाला बोलू!

“तुमचं बी,” मी म्हणाले. “चाळीसातलं एक जगलं.”

त्याने कापड सोडलं. बियांवरून अंगठा फिरवला.

“सुनेला ठाऊक नव्हतं हो,” मी म्हणाले. “रंग तिने लावला. तो बघून तुम्ही परत गेलात ना?”

“रंग कुठे पाहिला मी? तुमचं दार तर मोकळं होतं तेव्हा.” तो हळू बोलत होता. “खिडकी उघडी होती, मालकीणबाई. ‘कोण लागतो तो माझा?’ असं विचारलंत तुम्ही. मी पायरीवर उभा राहून उत्तराची वाट पाहिली. बोट बेलवरच होतं... मग उत्तर आलं.”

वाऱ्याने आमच्या दोघांच्या मधून पानं नेली.

आणि मागच्या खोलीतून बाईचा आवाज आला. मोकळा, सवयीचा. “अहो, चहा गार होतोय! किती वेळ?”

त्याने मान खाली घातली. “लग्नाला सहा आठवडे झाले. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण...”

“पण तेही तुम्हाला जमलं नाही,” मी म्हणाले. आवाज नेहमीचाच लावला, गल्लीला ऐकू जाईल असा. आत ऐकू गेला तर जाऊ दे. “आता माझं ऐका. मी खोटं बोलले. पोरांना भिऊन बोलले. ते पाप माझं, ते मी घेऊन जाते. पण तुम्ही! कंदावरून भांडलात, पाण्यावरून भांडलात, खतावरून भांडलात. आणि ज्या एका दिवशी भांडायचं होतं, त्या दिवशी शहाण्यासारखे पुडकं ठेवून गेलात? बेल वाजवायची. आत यायचं. माझ्या पोरांसमोर उभं राहून विचारायचं — बोल, कोण लागतो मी तुझा? हरले असते हो मी. जन्मात पहिल्यांदा, आनंदाने हरले असते. जा आता. चहा गार होतोय तुमचा.”