एडवणचा खुलासा

“मी मेलेला माणूस,” दारात छत्री मिटत तो म्हणाला. “परवा तुमीच सांगितलं ना, बातमीत?”

प्रियदर्शिनीनं मान वर केली. बोईसरच्या या एवढ्याशा खोलीतून मोबाइलवरचं एक बातम्यांचं चॅनल चालायचं आणि ती तिथं बातम्या वाचायची. बाहेर आषाढाचा पाऊस कंटाळवाणा लागून राहिला होता, आणि समोर... हो, तोच चेहरा. वायुगळतीत कामगाराचा मृत्यू, असं ती वाचत असताना पडदाभर दिसलेला. स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलेला, कपाळावरून रक्ताचा ओघळ.

“तुम्ही—”

“धीरज. राहतो सालवडला, गाव एडवण. बसू का, की मेलेल्याला खुर्ची देत नाय?”

तिला हसू आलं नाही. त्याचेही नुसते ओठ हलले होते.

फोटो गेल्या वर्षीचा होता. कारखान्यात आपत्कालीन सराव होता; भोंगा वाजला की कुणी जखमी व्हायचं, कुणी उचलायचं. धीरजच्या वाट्याला मरण आलं होतं. रंग कमी पडला, तेव्हा आईनं गावाहून पुडीत बांधून दिलेलं देवीचं कुंकू त्यानं खोबरेल तेलात कालवून कपाळाला फासलं होतं.

“तुमच्या कपाळावर तर रोज असतं,” तो हळूच म्हणाला. “तुमाला पण ओळखता नाय आलं?”

तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तो रंग पाहून ती त्या दिवशी अडखळली होती. फोटो कुणी काढला, कधीचा, विचारू या, असं चॅनलचे मालक रामनाथ यांना म्हणालीही होती. सगळ्या ग्रुपवर फिरतोय, आपण मागे पडू, म्हणाले. आणि तिनं वाचलं. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी ती, एक फोन न करता एका माणसाला मारून मोकळी झाली होती.

“माझं सोडा,” धीरज म्हणाला. “पण आई...”

त्याची आई राहीबाई आधीच विसरभोळी. शेजाऱ्यांनी मोबाइल दाखवला, आणि ही एक बातमी मात्र मनात रुतून बसली. धीरज धावत घरी गेला, समोर उभा राहिला, तर म्हणाली, तू कोण रे बाबा, माझा धीरू तर गेला. तोंडात घास घेत नव्हती. बातम्यांतली ती बाई बोलली, एवढंच म्हणत होती.

त्या संध्याकाळी थेट बातम्यांत प्रियदर्शिनीनं सगळ्यात आधी खुलासा वाचायला घेतला. ‘चूक माझी’ एवढ्यावर येते तोच रामनाथांनी प्रसारण तोडलं. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. तिनं गळ्याजवळचा माइक काढून टेबलावर ठेवला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघं पालघरहून एडवणच्या एसटीत बसली. खिडकीतून पाणी आत येत होतं. धीरज ओल्या बाजूला सरकला.

“एवढं लांब नाव... घरी काय म्हणतात?”

“दर्शू.”

“हां, हे बरंय. मेलेल्या माणसाला लांब नाव झेपत नाय.”

“पुन्हा तसं म्हणू नका,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्यानं बाहीनं ओली काच पुसली.

मग कसला विचार चाललाय, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, माझ्या आईनं विचारलं होतं, यंदा चातुर्मासाचा नेम कोणता धरलास म्हणून. दरवर्षी धरते. यंदा काही सुचलंच नाही.

राहीबाई ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारचं ताट तसंच झाकलेलं. प्रियदर्शिनी तिच्यापाशी बसली आणि बातम्या वाचायच्या आवाजात बोलू लागली.

“नमस्कार. तीन दिवसांपूर्वी दिलेली एक बातमी खोटी होती. मी कुणाला न विचारता ती वाचली. आज स्वतः पाहून सांगते आहे. धीरज जिवंत आहे. त्याचा हात—” ती थांबली. मग तिनं त्याचा हात हातात घेतला. “त्याचा हात माझ्या हातात आहे. गरम आहे... थोडा कापतोय.”

म्हातारी वळली. आवाज ओळखीचा होता. चाचपडत तिनं तो हात धरला, कोपरापर्यंत कुरवाळला.

“धीरू... जेवलास का रे?”

ती जेवली. दोघांना समोर बसवून जेवली. पण दिवेलागणीला पुन्हा भिंतीकडे वळली. “माजा धीरू गेला ना गो?”

धीरज उठून अंगणात गेला. प्रियदर्शिनीनं त्याला परत बोलावलं, हात धरला, सगळं पुन्हा सांगितलं.

प्रियदर्शिनीची परतीची एसटी घरासमोरच थांबायची. एका छत्रीत दोघं उभी राहिली.

“रोज विसरणार ती,” तो म्हणाला. “फोनवरनं सांगितलंस तरी...”

“फोनवरून एकदा सांगून झालंय.” ती ओल्या पायांकडे बघत होती. “येईन मी रोज. यंदाचा नेम राहिलाच होता.”

“चातुर्मास कार्तिकात संपतो, दर्शू.”

“मग कार्तिकातलं कार्तिकात विचारा.”

तो हसला, पहिल्यांदाच खरं. वळणावर एसटीचे दिवे दिसले. तेवढ्यात ओटीवरून राहीबाईचं रडणं पुन्हा ऐकू आलं... एसटी येऊन थांबली. प्रियदर्शिनीनं छत्री त्याच्या हातात दिली, आणि पावसातून ती घराकडे वळली.