ठोकळा क्रमांक सतरा

"त्या थेरड्याला फासावर चढवा," असं म्हणतच नोरा डंगवर्थ शेफील्डमधल्या एका गुप्तहेराच्या चिमुकल्या कचेरीत शिरली.

आठवड्यापूर्वी क्रेनची पोलादी पिन तुटली आणि खाली उभा असलेला तिचा नवरा क्लेम जागीच गेला. पिनेचा कडकपणा त्यानेच यंत्रावर तपासून पास केला होता. ते यंत्र रोज ज्या ठरावीक कडकपणाच्या ठोकळ्यावर जुळवून घ्यायचं, त्याचं पोलाद म्हाताऱ्या अमॉस स्टॅनिफोर्थने निवडलं होतं. आता सगळा कारखाना त्याच्या नावाने बोटं मोडत होता.

गुप्तहेर इडा ब्रॅमॉलने एवढंच विचारलं, की क्लेम माणूस कसा होता. तिचा मदतनीस विल्फ मनात वैतागला. मेलेल्याचं कौतुक ऐकून काय मिळणार?

"काटकसरी," नोरा म्हणाली. "सुऱ्या घासून घासून त्यांच्या काड्या केल्यात. टाकायचं काही नाही, हे मीच त्याला शिकवलं."

कारखान्यात स्टॅनिफोर्थ कोपऱ्यात एकटाच बसला होता. तीन वर्षं अकरा पोलादं पारखून त्याने इकडून तिकडे सारखंच कडक असलेलं एक निवडलं होतं. आता कुणी त्याच्याशी बोलतही नव्हतं. फोरमन हेगने सांगितलं, की यंत्र जुळवताना ठोकळ्यावर रोज एक बारीक खड्डा पडतो. भरला की नवा मागायचा. क्लेमने चार वर्षांत एकदाही मागितला नव्हता.

"ठेवलाय मात्र आरशासारखा," विल्फ कौतुकाने म्हणाला.

इडाने क्लेमचा तो सतरा क्रमांकाचा ठोकळा तोलला. स्टॅनिफोर्थच्या वहीतल्या वजनापेक्षा तो हलका भरला. त्याच कांबेचा दुसरा, कोरा ठोकळा मात्र दहा ठिकाणी तपासला तरी सारखाच कडक निघाला.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना कचेरीत बसवलं.

"पोलादात खोट नाही. चार वर्षांचे खड्डे गेले कुठे? वजन गेलं तिथेच. कुणीतरी ठोकळा ग्राइंडरवर घासून नवा केला. घासताना तापून वरचा थर मऊ पडला. यंत्र त्या मऊ थरावर जुळवलं, मग मऊ पिनही कडक ठरली."

"कुणी घासला?" विल्फने विचारलं आणि त्याच क्षणी त्याला त्या सुऱ्या आठवल्या.

नोराला ते त्याच्याआधी कळलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी शिकवलं," ती पुटपुटली.

मग ज्याला ती फासावर चढवायला निघाली होती, तो म्हातारा उठला आणि तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला.

"चांगल्या मनानेच केलं गं त्याने, पोरी," तो म्हणाला.