तिसऱ्या रांगेतली झोप

"खांदा जड झाला तर हलायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

हॉस्पिटलच्या स्टाफ बसमध्ये पहिल्याच दिवशी मावशीने मला हे सांगितलं, डबा घेतलास का विचारावं तितक्या सहज. मावशी तिथे नर्स. रेकॉर्ड रूममधली माझी नोकरी तिच्याच शब्दावर लागलेली, म्हणून मी गप्प बसले. एरवी गप्प बसणं मला जमत नाही.

सोमवारी बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. मंगळवारी बस वाटेत बंद पडली. बुधवारी कुणाची तरी ओली छत्री घरापासून हॉस्पिटलपर्यंत माझ्या बुटात गळत राहिली. पण संध्याकाळची सहा-दहाची बस वेगळी. बूट सैल करायचे, कंपाउंडरकाका मुठीतले शेंगदाणे पुढे करायचे, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तासभर आपल्याला कुणी काम सांगू शकत नाही. आठवड्यातलं तेवढंच सुख.

मला मात्र रोज एकच जागा उरायची. तिसरी रांग, डावीकडची बाहेरची सीट. आतली खिडकीची सीट रिकामी असायची, पण तिथे कुणी बसत नसे.

त्या बुधवारी कारखान्यांचे दिवे मागे पडले, रस्ता अंधारात शिरला, आणि माझा डावा खांदा जड झाला.

डोकं होतं ते. दमून मान टाकलेल्या माणसाचं. साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास आला. गळ्याशी संथ, ऊबदार श्वास लागत होता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. काचेत मी एकटीच. स्वेटरचा खांदा मात्र दबलेला…

"मावशी…"

"हलू नकोस."

"कोण आहे?"

"सांगितलंय ना तुला…"

पाण्याच्या टाकीचा थांबा आला. ड्रायव्हरने वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. पुढे शेवटच्या थांब्यावर खांदा एकदम हलका झाला, आणि कुणीतरी दचकून घेतलेला श्वास माझ्या कानाशी वाजला. थांबा चुकल्यावर आपण घेतो ना, तसा.

गुरुवारी घरी मी मावशीला सोडलंच नाही.

"लॉन्ड्रीत होती," मावशी भिंतीकडे बघत म्हणाली. "डबल ड्यूटी करायची. टाकीसमोर घर. सहा वर्षांची मुलगी शेजारणीकडे ठेवून यायची. बसली की म्हणायची, टाकी आली की उठवा हं. रोज उठवायचो गं आम्ही. त्या दिवशी पत्ते मांडले होते. डाव रंगात आला…"

"आणि?"

"शेवटच्या थांब्यावर जागी झाली. मुलगी वाट बघतेय म्हणून अंधारात आल्या वाटेने मागे पळत सुटली. ट्रकवाल्याला दिसली नाही."

"मग आता तरी उठवा ना तिला!"

"उठली की विचारेल, किती वाजले. एकोणीस वर्षं झाली, हे कोण सांगणार? मुलगी मोठी होऊन दूर नोकरीला गेली. घर पाडलं. नुसतं कुंपण उरलंय तिथे."

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना तिला तोंड दाखवायला नको, म्हणून ती रोज थांबा चुकवतेय."

मावशी उठून आत गेली.

शुक्रवारी बसमध्ये हसणं-खिदळणं चाललं होतं. खांदा जड झाला. ह्या वेळी मी थोडी खाली सरकले, तिची मान अवघडू नये म्हणून.

टाकी दिसली.

"गाडी थांबवा!"

ड्रायव्हरने आरशातून काकांकडे पाहिलं. काकांचा चेहरा उतरला. "पोरी, मोठ्यांचं ऐकावं कधीतरी."

"नाही ऐकत."

मी मान वळवली. "ताई… उठा. टाकी आली."

गळ्याशी लागणारा श्वास थांबला. बसही थांबली.

"किती वाजले गं?" आवाज झोपेने जड होता.

मी घड्याळ पाहिलं. "सात. वेळेवर आहात."

खांदा हलका झाला. एक पिशवी माझ्या गुडघ्यांना घासून गेली. पायऱ्यांवर पावलं वाजली, घाईघाईची. आणि कुंपणापलीकडच्या मोकळ्या अंधारातून सहा-एक वर्षांच्या मुलीची हाक आली,

"आई! आज लवकर आलीस?"

ते सगळ्यांनी ऐकलं. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. तिचा हात बर्फासारखा होता.

"झालं तुझ्या मनासारखं? सोमवारपासून त्या सीटवर बसायचं नाही. का, ते विचारू नकोस…"

"बसणार," मी म्हटलं. "परत आली तर परत उठवणार. आणि का, ते तुम्हा सगळ्यांना विचारणार."

काका हातांकडे बघत राहिले. ड्रायव्हरने दार लावायला हात नेला, पण लावलं नाही. बाहेर त्या मुलीची बडबड चालूच होती, आणि तिला कुणीतरी हळू आवाजात उत्तरं देत होतं.