फेटा बांधेपर्यंतचा नाच

घुंगरं बांधून मी विंगेत घुसली अन् धाडकन एका पोराच्या छातीवर आदळली. फेट्याचं एक टोक त्याच्या दातात, दुसरं जमिनीवर.

"तूच का नाचनारी?" दातातलं टोक काढत तो बोलला. "दोन गिरक्या वाढव ना व... माहं कपडे बदलनं होत नाई तेवढ्यात."

हा शिवम. आमच्या संगीत नाटकाचा हिरो, अकोल्याहून अमरावतीले तालमीसाठी आलेला. पहिलीच भेट, अन् माहं डोस्कं सणकलं!

"मी काय पडदा हाय? तू चड्डी बदलेपर्यंत लोंबकळाले?"

"बाप्पा! रागात तं लय भारी दिसते तू..."

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक जानरावकाका म्हनाले, "आकांक्षा, अकोल्याच्या प्रयोगातून तुहा नाच कापला. शिवम आता पहिलेच फेटा बांधून ठेवते म्हनते. मंग नाच कायले पाह्यजे?"

गेली मी तरातरा त्याच्याकडं. "मुडद्या! तुह्यामुळं नाच गेला माहा!"

"अवो, मी तं मदत करून राहिलो होतो..."

"मदत? नाटकातल्या त्या पोरीच्या बापानं तिचं लगन दुसरीकडं ठरवलं. तुले सांगाले तिचं तोंड उघडत नाई, म्हनून तं ती नाचते!"

"मंग... दाखव ना."

रागारागातच नाचली. तबला नाई, पेटी नाई. ती दारापर्यंत जाते, हाक माराले हात उचलते... अन् परत फिरते.

शिवमचं हसू कुठंतरी गेलं होतं.

"अन् याच्यानंतर मी लग्नाचं गाणं म्हनत येतो? लोकं येडा म्हनतीन मले."

"हायेसच!"

"तसाच येडा पाह्यजे हिरो. तिचं लगन ठरलं हे लोकायले माहीत हाय, त्याले नाई... नाच काढला तं माहं गाणं फुसकं हाय, आकांक्षा."

तोच भांडला काकांशी. नाच राह्यला.

अकोल्यात हॉल गच्च. मी नाचली. शिवम हसत आला, माहा हात धरला, डोळ्यात पाह्यलं... अन् गप! पेटीवाला तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवून राहिला.

"गा ना बे!" मी दात-ओठ खात पुटपुटली.

"कसा गाऊ? तू दुसऱ्याची होऊन राहिली..."

"नाटकात रे, बैला!"

"नाटकातही... मले सहन नाई होत."

एवढ्या लोकायसमोर! हे सांगाची वेळ होती काय? इतका राग आला, इतका राग आला... की हात सोडवाचा राहूनच गेला.