प्रतिमनाची परवानगी

नातेकौशल्य प्रयोगशाळेत सरावाच्या बारा खोल्या होत्या, आणि सकाळचे अकरा वाजले तरी बाराही रिकाम्या होत्या. डॉ. मधुसूदन हिरव्यांच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं खपून त्यांनी 'प्रतिमन' घडवलं, जालन्याच्या या कॉलेजात आणि अमरावतीच्या एका कॉलेजात बसवलं, आणि इथल्या साठ पोरांनी तीन महिन्यांत ते किती वेळा वापरलं? नऊ वेळा! ते तडक नातेकौशल्य हा विषय शिकवणाऱ्या सईदा तांबोळींच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, हे यंत्र शोभेला ठेवलंय का?"

"आधी बसा सर, चहा घ्या. आणि प्रतिमन कसं चालतं ते मला एकदा सांगा बघू."

"तुम्हाला माहीत नाही होय?"

"माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

हिरव्यांनी फणकाऱ्यानंच सुरुवात केली. "ज्याच्याशी बिनसलंय, त्या माणसाचे जुने निरोप आणि तासाभराचं बोलणं यंत्राला द्यायचं. मग यंत्र अगदी त्याच्यासारखं उत्तर देतं. माफी मागायची, नाही म्हणायचं, राग न धरता ऐकायचं, सगळ्याचा सराव तिथे करायचा. चुकलं तर पुन्हा. खऱ्या माणसाला ओरखडाही येत नाही."

"आणि त्या माणसाची संमती?"

"ती तर हवीच. त्याशिवाय प्रतिमन जागंच होत नाही. विनंती स्वतःच्या आवाजात पाठवायची, कारण सांगायचं, समोरच्यानं आपल्या फोनवर संमती द्यायची. कायदाच आहे तसा."

"तिथंच तर मेख आहे ना!" मॅडम हसल्या. खिडकीतून त्यांनी व्हरांड्यातल्या एका मुलीला हाक मारली. "प्रियंवदा, सरांना सांग गं, हर्षालीचं प्रतिमन का नाही वापरलंस?"

प्रियंवदा घुले ओशाळली. "सर, खोलीतल्या पलंगावरून आमचं भांडण झालं होतं. पाच महिने अबोला. मी विनंती पाठवली, कारण सांगितलं की तुझ्याशी नीट बोलायला शिकायचंय. तर ती धावतच आली आणि म्हणाली, अगं बाई, मग बोल की!"

ती गेल्यावर मॅडमनी आपली नोंदवही हिरव्यांपुढे सरकवली. साठांपैकी एकावन्न जणांचं हे असंच झालं होतं. आपण यंत्राचा प्रत्येक सुटा भाग जोडला, पण त्याचं खरं काम या बाईंना पहिल्या दिवशी कळलं आणि आपल्याला आज, या विचारानं त्यांना आधी लाज वाटली, मग फार कौतुक वाटलं. मानलं बुवा, असं ते चक्क मोठ्यानं म्हणाले.

"मग आता तुम्हीही पाठवा," मॅडम हळूच म्हणाल्या. "नभाला."

हिरव्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांची मुलगी नभा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाली, तेव्हा जेवणाच्या ताटावर ते बोलून गेले होते, नापासांना या घरात जागा नाही. ती त्याच आठवड्यात अमरावतीला आत्याकडे गेली आणि तिथल्या कॉलेजात तिनं नव्यानं नाव घातलं. दोन वर्षं आई तेवढी मधल्यामध्ये निरोप पोचवत होती.

"ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही. पण विचारलंत एवढं तरी तिला कळेल."

हिरव्यांनी प्रतिमन उघडून नभाचं नाव लिहिलं. विनंतीचा रकाना उघडण्याआधी पडद्यावर ओळ आली: या व्यक्तीशी पूर्वीचा संपर्क. तीन विनंत्या आल्या. तीन नाकारल्या.

"आल्या? कोणी नाकारल्या?" ते ओरडलेच, आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी कपाळाला हात लावला. सत्राच्या सुरुवातीला पोरांनी थट्टा म्हणून हिरवे सरांच्याच प्रतिमनाची मागणी लावली होती, हजेरी माफ करून घ्यायचा सराव करायला. रोज पंधरा-वीस विनंत्या! वैतागून त्यांनी नकारकुलूप लावलं होतं. येईल त्या विनंतीला आपोआप नकार. कोणाची आहे ते न बघता.

अमरावतीला, प्रतिमन बसवलेल्या त्याच कॉलेजात, हाच विषय नभा शिकत होती.

त्यांनी पहिली विनंती उघडली. दोन वर्षांनी तो आवाज खोलीत आला. "बाबा, मला तुमच्याशी न रडता बोलायचंय. म्हणून आधी सराव करायचाय. चालेल ना?" दुसऱ्या विनंतीत ती जरा चाचरत होती. तिसरीत एवढंच होतं, "बरं, राहू दे."

हिरव्यांचे डोळे वाहू लागले. तांबोळी मॅडमनी सरावाच्या खोलीकडे बोट केलं नाही. त्यांनी सरांचा फोन उचलून सरांच्या हातात दिला आणि त्या बाहेर जाऊन दार लोटून उभ्या राहिल्या.

नभाच्या फोनची घंटी वाजत राहिली. ते नकारकुलूप, ती पोरं, त्या विनंत्या, सगळा खुलासा हिरव्यांच्या ओठांवर तयार होता. तिकडून "हॅलो" आलं आणि त्यांनी तो गिळला.

"नभा, चुकलो मी. त्या दिवशी ताटावर बोललो तेही, आणि तुझं ऐकलं नाही तेही. तू... तू बोल. मी, म्हणजे, मी ऐकतोय."



"बाबा, हे तुम्ही बोलताय की तुमचं प्रतिमन?"

"मीच गं. प्रतिमन एवढं अडखळत नाही."

नभा हसली, आणि हसता हसता रडायला लागली. सराव न झाल्यामुळे हिरव्यांनाही ते आवरता आलं नाही.