गाळात बारीक होत गेलेली पावलं

लाइट गेली की आमच्या सुनेला, कोकिळाला, तळ्याची गोष्ट पाहिजे. भाकर वाढते आणि ताट आपल्याकडंच धरून बसते. म्हाताऱ्या माणसाला असं पोटावर अडवणं बरं नाही. पण मला भूक लागली आहे, तर ऐका. आणि मध्ये मध्ये 'मग काय झालं' विचारू नका.

आर्णीच्या बाजूचं आपलं तळं होळीनंतर आटायला लागतं. पाणी मागं सरकलं की लोक त्याच्या मागं जातात आणि उघड्या पडलेल्या गाळात काकड्या, डांगरं लावतात. त्यालाच गाळपेर म्हणतात. हा गाळ मोठा लबाड. वरून पापडासारखा सुकलेला, खाली सगळी खीर. म्हणून नव्या गाळावर आधी कोणाची पावलं आहेत का ते पाहायचं आणि त्याच पावलांवर पाय टाकत जायचं. कोणी गेलं म्हणजे गाळ धरतो. ती पावलं परत आली आहेत का, हे पाहायचं मात्र कोणाला सुचत नाही.

तांड्यावरच्या फुलचंदलाही सुचलं नाही.

त्या उन्हाळ्यात तळं इतकं आटलं होतं की तळं म्हणायची लाज वाटावी. फुलचंदची बायको रुक्माबाई सकाळी काकडीला पाणी घालायला गेली, ती जेवायला आलीच नाही. फुलचंद शोधायला निघाला. वेलांजवळ तिची घागर उभी होती, अर्धी भरलेली. तिथून पुढं ओल्या गाळात अनवाणी पावलं पाण्याकडं गेली होती. डाव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली. तिचीच.

त्यानं तिच्या पावलात पाऊल टाकलं आणि चालू लागला. भर दुपार, सडक्या मासळीचा वास, आणि आवाज म्हणून कसलाच नाही. रोज तिथं बगळे असतात, त्या दिवशी एक नव्हता. थोडं पुढं गेल्यावर त्याची टाच ठशाबाहेर राहायला लागली. मग बोटंही. त्याला वाटलं, गाळ सुकताना आकसतो, त्यात ठसाही आकसला असेल. पण गाळ तर ओला होता. अजून पुढं गेला, तर पावलं लहान पोरीएवढी. त्याच्याही पुढं नुकत्या उभ्या राहिलेल्या लेकराएवढी. प्रत्येक डाव्या पावलाची करंगळी मात्र बाहेरच.

इथं तो थांबला, आणि थांबल्या जागी गुडघ्यापर्यंत गेला.

समोर पाण्यावर ऊन असं चमकत होतं की नीट दिसेना. तिथून बारीक आवाज आला. "लदेणीचे बैल... कवा येता... हात द्या ना..."

फुलचंदच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ लादून गावोगाव नेलं, तीच लदेणी. याची चाल पाहून रुक्माबाई याला त्या बैलावरून चिडवायची, तेही घरात दोघंच असताना. आवाज मात्र दुधाच्या दातांच्या पोरीचा होता.

तेवढ्यात मागून, बांधावरून, रुक्माबाई ओरडली. "सुनीलचे बाबा, माघारी या!"

मी तिथंच बकऱ्या चारत होतो. तळ्याकाठचा शेतकरी भगवानराव आपल्या वावरात टाकायला ट्रॉलीत गाळ भरत होता. त्याच्या झोपडीतली खाट आम्ही गाळावर आडवी टाकली आणि तिच्यावरून फुलचंदला धरलं. रुक्माबाई खाटेच्या पुढं उतरली, गाळात उभी राहून तिनं त्याचा हात धरला.

फुलचंद येईना. "मले नका ओढू," तो हळूच म्हणाला. "ते लहान हाय. आधी तिले काढा..."

"कोणी नाही तठी," भगवानराव म्हणाला. "ओढा याले."

ओढला. पाण्यात काही हललं नाही.

मग मी खाली पाहिलं. खाटेभोवती माझी पावलं, भगवानरावची पावलं, फुलचंदचे खड्डे. रुक्माबाई उभी होती तिथं गाळ कोरा.

मी म्हटलं, "भगवानराव, हिची पावलं कुठी हायत?"

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "चाला, ऊन हाय," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी मी तांड्यासमोर हे बोललो, तर या भगवानरावनंच सांगितलं की हा बुढा दारू पिऊन होता, बाईमाणसाची बदनामी करून राह्यला. रुक्माबाई तिथंच होती. तिनं सगळ्यांना चहा दिला. चहा चांगला होता.

अजूनही ती रांधते, कापूस वेचते. फुलचंद जेवतो. ओल्या वावरात मात्र तो तिच्या मागं कधी चालत नाही. ती आता त्याला कशावरूनच चिडवत नाही. दुपारी तो बांधावर जातो आणि पाण्याकडं हात पुढं करून बसतो.

भगवानराव रोज संध्याकाळी आपल्या दारापुढं ओला गाळ पसरून ठेवतो. कोणी विचारलं तर सांगतो, झाडासाठी आहे. दारात एक झाड नाही. परवा सकाळी गेलो, तर वाकून फावड्यानं घाईघाईनं काहीतरी सपाट करत होता.

"केवढी होती पावलं?" मी विचारलं.

"बोटाएवढी," म्हणाला. "दाराकडं आलती." आणि कडी लावली.

आतून माफीचा एक शब्द आला नाही. अजून आलेला नाही. दे आता ते ताट, कोकिळा, आणि खोटं कोण बोललं असं कोणी विचारलं, तर नाव सांग भगवानरावचं.