पहिली फेरी

मोबाइल जरा पालथे ठेवा, पोरांनो. मोतीराम माझ्या शेजारचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. एकदाच बोलला, त्याचीच ही गोष्ट.

मागच्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. रात्रीचे सव्वानऊ. कंपनीतली पाळी उरकून मोतीराम बजाजनगरात हारिसच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानी थांबला. वस्तीतल्या गीताबाईनं काम सांगितलं होतं. तिचा प्रणय जाऊन वर्ष होत होतं, रविवारी त्याचं पुण्यानुमोदन. बॅनरवर लावायला पोराचा हसरा फोटो हवा होता, आणि सगळे फोटो त्याच्या मोबाइलात. तो वर्षभर पेटीत बंद पडलेला.

"लो चाचा, खुल गया," हारिस म्हणाला. "नयी बॅटरी डाली. सिम नहीं है इसमें."

मोतीरामनं मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवला आणि स्कूटी पडेगावच्या वाटेला लावली. एवढीशी वस्तू, पण दगड ठेवल्यागत जड लागत होती.

प्रणय सोळा वर्षांचा होता. मोतीरामला मामा म्हणायचा. रील टाकायचा. नऊ हजार सातशे लोक त्याच्या मागं होते. त्याला दहा हजार पुरे करायचे होते. वर्षापूर्वीच्या त्या संध्याकाळी दोस्त कुणी आले नाहीत, म्हणून तो मोतीरामलाच मिटमिट्याकडच्या जुन्या विहिरीवर घेऊन गेला.

"डोळे मिटून काठावरून एक फेरी. तुम्ही फक्त त्या लाल टिकलीवर बोट ठेवा, मामा."

"पडशील की रं."

"रोज करतोय मी. तुम्ही घाबरू नका, नायतर मोबाइल हलंल."

पोरगं चाललं. हात पसरून, डोळे मिटून. पुरी फेरी मारली आणि हसत खाली उतरलं.

"आला का, मामा?"

मोतीरामनं पाहिलं. टिकली दाबलीच गेली नव्हती. सगळा वेळ तो श्वास धरून पोराचे पाय बघत होता. जमलं नाही म्हणायची त्याला लाज वाटली. आधीच पोरं त्याला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवायची.

"आला," तो म्हणाला. "पण तू हललास बघ मधी. परत एकदा मार."

दुसऱ्या फेरीला, निम्म्यावर, दगड निसटला.

मोतीरामनं विहिरीत उडी घेतली, पण उपयोग झाला नाही. वस्तीला त्यानं सांगितलं, ओरडणं ऐकून धावलो, तोवर उशीर झाला होता. माझ्या लेकरासाठी जिवावर उदार झाला म्हणून गीताबाई त्या दिवसापासून त्याला भाऊ म्हणू लागली. वर्षभर तो ते ऐकत राहिला.

नगर नाका मागं पडला. दिवे विरळ झाले. थंडी बोचत होती.

आणि स्कूटी मागून दबली. कुणी टेकून बसावं तशी.

मोतीरामनं मागं पाहिलं नाही. धीरच झाला नाही.

खिशात उजेड झाला.

"मामा..."

कानाशी. अगदी जवळ.

"आला का?"

त्यानं गाडी थांबवली. रस्त्यावर कुणी नाही. एक कुत्रंसुद्धा नाही.

"मामा... मी हललो होतो का?"

...

मागं कुणी तरी वाट बघत होतं. घाई नव्हती त्याला.

"नाय रे लेकरा," शेवटी तो म्हणाला. "तू नाय हललास. मीच दाबलं नव्हतं."

मागची सीट हलकी झाली.

गीताबाई जागीच होती. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच मोतीरामनं तिला सगळं सांगितलं. लाल टिकलीचं, परत एकदा म्हटल्याचं, सगळं. ती रडली नाही.

"मोतीराम," ती म्हणाली. भाऊ म्हणाली नाही. "फोटो दाखव माझ्या लेकराचा."

त्यानं मोबाइल पुढं केला. तिनं बोटानं एकेक फोटो सरकवला. सगळ्यात शेवटी एक व्हिडिओ होता. तारीख त्याच दिवसाची.

तो खालून घेतलेला होता. विहिरीच्या पार तळातून. भोवती काळा दगड, वर आभाळाचा एवढासा गोल. त्या गोलाच्या कडेनं प्रणय चालत होता. डोळे मिटलेले. तोल जरासुद्धा हलत नव्हता. तीच पहिली, पुरी फेरी.

आणि समोरच्या काठावर मोतीराम उभा होता, दोन्ही हातांत हाच मोबाइल धरून.